नाव सांगा

ठकाबाई होती तोवर तिच्या दारावर थाप पडली की आतून एकच आवाज यायचा, "नाव सांगा." भर दिवसासुद्धा. सरपंच असोत, पोलिओचा डोस पाजणारी बाई असो, नाहीतर मी असो. नाव सांगितल्याशिवाय कडी निघत नसे. आमच्या बोरी गावात दिवसा दारं सताड उघडी ठेवायची रीत. त्यामुळे बायका तिला हसायच्या. मी हसत नव्हते. मी जळत होते.

ती पहिल्यांदा दिसली ती आमच्या कांदा साठवायच्या बराखीत. नव्वद सालच्या सुमाराची गोष्ट. दिवाळी होऊन बराख रिकामी झाली होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून, दोन लहान मुलींना घेऊन ती वरल्या डोंगरातून निघाली होती आणि चार दिवस एसटी स्टँडवर काढून इथवर पोचली होती. डावा हात कोपरात वाकडा जुळलेला. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे उन्हाळी कांदा येईस्तवर." मी जुनं लुगडं दिलं, गोधडी दिली. तेव्हा मला तिची फार दया यायची. दया करायला काय लागतं?

एप्रिलात कांदा आला की ती शाळेच्या ओट्यावर जायची, दिवाळीनंतर परत बराखीत. अशी सहा-सात वर्षं गेली. नवरा दोनदा शोधत आला. बराखीची कडी कांद्यासाठी, म्हणजे बाहेरून. दोन्ही वेळा त्याने तिला मुलींसमोर झोडपलं. हळद लावताना ती मला म्हणाली, "वैनी, भाकर कुटंबी मिळती. आतून लावायचं दार मिळत न्हाई."

मग तिला घरकुल मंजूर झालं. एक खोली, वर पत्रा आणि पंचायतीच्या उताऱ्यावर तिचं स्वतःचं नाव. घरभरणीला बायकांनी हट्ट धरला, "ठकाबाई, नाव घे!" तिने पदर सावरला.

"चार भिंती, वर पत्रा, आत कडी लोखंडाची,
नाव कुनाचं घेऊ बायांनो, खोली हाय ठकाबाईची."

सगळ्या खळखळून हसल्या. मी हातातला पेढा तसाच पदराला बांधला. माझं सासर अकरा खोल्यांचं, आणि त्यातल्या एकाही खोलीची कडी मला दिवसा लावता येत नव्हती. डोकं दुखतं म्हणून एकदा लावली, तर सासूबाई बाहेरून ओरडल्या, "मेली का काय?" आमचे हे हात उचलत नसत, पण आमटी अळणी झाली की ताट भिरकावत. बराखीतली ठकाबाई मला चालली होती. कडीवाली ठकाबाई सोसवेना.

खोटं कशाला सांगू, गिरणीत दळणाच्या रांगेत मीच म्हणाले, "दिवसा दार लावून आत करते तरी काय ती?" प्रश्न साधा होता, माझा सूर साधा नव्हता. आठवडाभरात तो गावभर झाला. दोन घरांनी तिला खुरपायला बोलावणं बंद केलं. मला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं.

त्याच वर्षी एका दुपारी ह्यांनी पाहुण्यांसमोर भरलं ताट माझ्या अंगावर फेकलं. साडीवरची आमटी तशीच घेऊन मी निघाले. माहेर लांब होतं. पाय तिच्या दाराशी थांबले.

"नाव सांगा."

"शालन," मी कसंबसं म्हणाले.

कडी निघाली. ठकाबाईने माझ्या साडीकडे पाहिलं. "तुमीच इचारलं व्हतं ना गिरणीत, दार लावून आत काय करती म्हून? या. बघा."

आत चूल होती, मुलींची दप्तरं होती, भिंतीला टेकवलेली चटई होती. तिने चटई अंथरली. "झोपते मी. दुसरं काय? लई वर्सांची झोप राह्यलीया. पडा तुमीबी. कडी तुमच्या हातानं लावा."

मी कडी लावली. बाहेर रस्त्याने माणसं बोलत चालली होती. पडल्या पडल्या मला झोप लागली.

जाग आली ती थाप ऐकून.

"नाव सांगा," ठकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

बाहेरून ह्यांनी आपलं नाव सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "आमची हाय का आत?"

ठकाबाई उठली नाही. माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "उघडू का?"

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. असं मला कुणी विचारलं नव्हतं.

"थोड्या वेळानं," मी म्हणाले.