हरसिंगच्या घरचं प्रेशरचं मशीन

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात घरबसल्या ब्लडप्रेशर मोजणारा पहिला माणूस मी! म्हणजे घर माझं नव्हतं, मशीन माझं नव्हतं, अन् शाळा म्हणाल तर चौथीत गुरुजींनी मला सोडलं, मी गुरुजींना. वारंगा फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान. पुढच्या बाकड्यावर म्हातारी टाळकी बसली, की जुन्या ट्यूबवर ठिगळं चढावीत तसे किस्से एकावर एक चढत जातात. हे सगळे एकाच मशीनचे.

मशीन हरसिंगचं. हरसिंग म्हणजे तांड्यावरचा माझा दोस्त, हळदवाला. त्याचा पोरगा प्रकाश पुण्यात कंपनीत. मोबाईल नुकते खेड्यात पोचले होते तेव्हा त्यानं हे मशीन आणलं अन् बापाला बजावलं, "दर रविवारी मोजायचं, फोनवर आकडा सांगायचा. आकडा वाढला की मी गाडी घेऊन येणार अन् तुम्हाला पुण्याला नेणार."

हरसिंगला मरणाचं भ्या नव्हतं, पुण्याचं होतं. "चौथ्या मजल्यावर कोंडून ठेवंल पोरगं. बोलायला मानूस न्हाई, थुकायला जागा न्हाई!"

*

पहिल्याच दिवशी हरसिंगनं मशीन दुकानात आणलं अन् बाकड्यावरच्या सगळ्यांनी दंड पुढे केले. चहावाल्या गणपतचा आकडा आला एकशे अडतीस.

"म्हंजी काय रे दत्तू?"

मी तोंड पाडून सांगितलं, "इतके दिवस राहिले तुझे."

गणपतनं भट्टी विझवली अन् एसटी धरून थेट पुसेगावला गेला. तिथं त्याचा सख्खा भाऊ. बांधावरून बारा वर्षं बोलणं बंद. दोघं गळ्यात पडून रडले, तीन दिवस एका ताटात जेवले.

तो परत आल्यावर मी खरं सांगून टाकलं. गणपतनं माझ्या हातातला भरलेला कप काढून घेतला. "हलकटा, आता पुन्हा अबोला धरायचा तर कारन कुठून आनू?"

*

तांड्यावरचा थावरू म्हातारा गेला. तिरडी बांधून झाली, पण त्याची लेक हात सोडीना. "ते मशीन लावून बघा," म्हणाली.

लावलं. मशीन घरघरलं, अन् आकडा आला!

तिरडी तशीच राहिली. कुणी पाणी आणायला पळालं, कुणी तळपाय चोळायला बसलं. हरसिंग माझ्या कानाशी आला, "दत्तू, तिनं हात धरून ठेवलाय. तिचंच कापरं मोजून राहिलं ते."

"माय, जरा हात सोड," मी म्हणालो.

तिनं सोडला. मशीननं इंग्रजीत एकच अक्षर दाखवलं. आकडा काही येईना. मी, जन्माचा थापाड्या, नुसतं मशीन उलटंपालटं करून बघत राहिलो.

"बॅटरी संपली असंल," तीच म्हणाली. "नवी टाका."

*

रविवारी हरसिंग फोनवर ठोकून द्यायचा, "एकशे वीस, ऐंशी!" मशीन तिकडं पेटीत. एकदा प्रकाश म्हणाला, "बाबा, हवा भरल्याचा आवाज येत नाही. फोन जवळ धरून लावा बरं."

फोन चालू होता माझ्या दुकानात. मी सायकलचा पंप फोनपाशी नेला अन् फुस्‌ फुस्‌ सुरू केलं! हरसिंगनं तोंडात उपरणं कोंबलं.

"छान," प्रकाश म्हणाला. "आता पुढच्या खेपेला आलो की मशीनच बघतो. त्यात जुने आकडे साठून राहतात."

*

मग मात्र हरसिंगनं मशीन खरोखर लावलं. दोनशेच्या वर! पुन्हा लावलं. तेवढंच.

"ह्ये पुसता येतं का?"

कुठलं कुठलं बटन दाबून मी पुसलं एकदाचं. "गोळ्या आन रे," मी म्हणालो.

"गोळ्या दिसल्या की पोरगं गाडी आनतंय. तू दंड दे, त्यात तुझे आकडे साठू दे."

दर रविवारी मी त्याच्या खाटेवर बसून दंड द्यायचो. त्याची बायको सोनीबाई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "ह्ये काय करून राहिले?" हरसिंग म्हणाला, "तुला जायचंय का पुन्याला?" तिनं कप माझ्या पुढ्यात सरकवला.

दोन महिने गेले. हळद शिजत होती, कढईपाशीच हरसिंग कोसळला. लकवा. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून आठ दिवसांनी घरी आणला. डॉक्टर म्हणाले, इतक्यात हलवू नका. म्हणजे पुणं टळलंच!

प्रकाश खाटेपाशी बसून मशीनचं बटन दाबत होता. "एकशे चोवीस... एकशे वीस... काका, इतकं बराबर प्रेशर असणाऱ्या माणसाला लकवा कसा काय मारतो?"

हरसिंग माझ्याकडे बघून हसला. अर्ध्याच तोंडानं.

प्रकाश औषधं आणायला उठून गेला. चुलीपुढं सोनीबाई हरसिंगसाठी दुधात भाकर कुस्करत होती. मी म्हणालो, "वयनी, त्यानंच गळ घातली व्हती. मी काय, नुसता हात तर पुढं केला."

तिनं ताटली आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"मंग आता बी पुढं करा, भावजी. उजवा गेलाय त्यांचा."