हॉलसाठी केलेला अर्ज

चंद्रपुरात जटपुरा गेटपासून पाच-सात मिनिटांवर एक वाचनालय होतं. त्याच्या मागच्या लांबट हॉलमध्ये मी बालवाडी घ्यायचे. तीसेक पोरं असायची. त्यांच्या आया कुणी इमारतीच्या कामावर रेजा, कुणी कोळशाच्या डेपोवर. सकाळी अकराला पोरं सोडून जायच्या, चारला न्यायला यायच्या.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला एका जागी बसता येत नव्हतं. त्याला कारणही होतं. त्या बालवाडीतली एकही वस्तू बालवाडीची नव्हती. सतरंज्या मंडपवाल्याच्या. लग्नसराई लागली की त्याचा माणूस यायचा, सतरंज्या झटकून खांद्यावर टाकून न्यायचा आणि पोरं फरशीवर बसायची. चित्रं काढायला कागद आमच्या शेजारचे काका आणायचे. ते बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये कामाला होते. रोज गाडीने जाऊन-येऊन करायचे आणि एका बाजूने छापलेली रद्दी पिशवीत घालून आणायचे. शनिवारी बुद्धविहारातल्या बाया मटकीची उसळ पाठवायच्या. पोरांना सर्दी-खोकला झाला तर वाचनालयाच्या समोरचे डॉक्टर फुकट तपासायचे. कुणी कधी नाही म्हटलं नाही. पण हे कुठवर चालेल, हेही कुणी सांगत नव्हतं. सकाळी उठल्यापासून माझ्या डोक्यात तेच फिरायचं. आज सतरंज्या असतील का, उसळ येईल का, वाचनालयवाल्यांना दुसरं काही सुचलं तर?

संध्याकाळी त्याच हॉलमध्ये नाट्यमंडळाची तालीम असायची. त्यात एक पोस्टमन, दोन मास्तर, टेलिफोन ऑफिसातला एक जण आणि आणखी असेच नोकरीतले लोक होते. धानाची कापणी आटोपली की आरमोरी, कुरखेड्याकडच्या गावांत मंडई म्हणजे जत्रा भरायची आणि तिथे हे नाटक घेऊन जायचे. त्यांनाही तोच मंडपवाला सामान द्यायचा. आमचे डॉक्टर तर दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नाटकात वकील झाले होते. गाव लहान, देणारी घरं तीच. त्यांच्याकडे काही गेलं की मला आपल्यातलंच गेल्यासारखं वाटायचं.

मंडळाचे पडदे एक मुसलमान पेंटर रंगवायचे. पन्नाशीचे असतील. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, हा त्यांचा धंदा. पडदे मात्र हौसेने, विनामोबदला. घरात पडदा पसरण्याएवढी जागा नव्हती म्हणून दुपारचं काम नसलं की ते हॉलमध्ये यायचे. एका टोकाला कापड पसरायचे, सरस गरम करून त्यात रंगाची पूड कालवायचे आणि कामाला लागायचे. त्या वर्षी जंगलाचा पडदा सुरू होता. ते आले की माझी पोरं बसल्या बसल्या सरकत त्या टोकाला जायची. मी गाणं म्हणत असले तरी.

एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, तुमी आले का पोरं माझ्याकडे पाहतच नाईत."

"मंग मी उलटा बसतो ना बाई," ते म्हणाले. "पाठीकडे काय पाहतील?"

ते खरंच पाठ करून बसले. पोरं त्यांच्या पाठीकडे पाहत बसली.

मला तिथून निघायचंही होतं. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि तिकडच्या शाळांवर मास्तर-मास्तरणी हव्या होत्या. मी मुलाखत देऊन आले होते. नेमणुकीचं पत्र पोस्टाने यायचं होतं. आमच्या मोहल्ल्यात टपाल उशिरा यायचं आणि तेवढा वेळ माझ्याच्याने काढवत नव्हता. मी येता-जाता पोस्टात शिरून विचारायचे. तिथला कारकून मला पाहिलं की दुरूनच मान हलवायचा.

त्या दिवशी आमची मदतनीस मावशी तापाने आली नव्हती. पोरं डबे खाऊन कलंडली होती. पेंटरभाऊ पाठ करून आकाश रंगवत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही, विचारलं नाही. चपला घातल्या आणि पोस्टात गेले. पत्र नव्हतं. मला लगेच परत फिरता आलं असतं. पण मी पोस्टाच्या पायरीपाशी उगाच उभी राहिले, रिक्षा पाहत. सगळा मिळून अर्धा तास गेला असेल.

परत आले तर पेंटरभाऊ एका पोरीला कडेवर घेऊन माठापाशी तिच्या तोंडावर पाणी मारत होते. चार वर्षांची पोरगी. तिचे ओठ, दात, हनुवटी, सगळं निळं.

"नीळ प्याली," ते म्हणाले. "डब्यातली. जास्त नाई. चला, चला."

ते तिला घेऊन रस्ता ओलांडून धावले. डॉक्टरांनी तिचं तोंड पाहिलं, पोट दाबून पाहिलं, चूळ भरायला लावली. म्हणाले, कपड्याची नीळ आहे, घाबरू नका, तासभर इथेच बसवा, उलटी झाली तर मला सांगा. उलटी झाली नाही. पोरगी बाकावर पाय हलवत बसली होती आणि जीभ बाहेर काढून स्वतःच पाहायचा प्रयत्न करत होती.

कुणीतरी डेपोवर निरोप दिला. तिची आई धावत आली. हातापायांवर कोळशाची काजळी तशीच होती. तिने काही विचारायच्या आत मीच बोलले, "पेंटरभाऊंचा डबा उघडा होता."

ते दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. पोरीकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाच्या समितीला अर्ज लिहिला. नाट्यमंडळाच्या रंगसाहित्यामुळे बालकांच्या जिवाला धोका निर्माण झाला असून हॉल दिवसा व संध्याकाळी केवळ बालवाडीसाठी राखून ठेवावा, असा. त्यात 'मी शिकवीत असताना' असे शब्द घातले. आयांनी पोरं काढून नेली तर काय, ही भीती होती. माझ्या नेमणुकीच्या वेळी कुणी काही बोललं तर, हीसुद्धा होती. पण त्याहून खरं सांगायचं तर मला तो हॉल हवा होता, अख्खा. तो विचार मनात आला आणि हात भराभर चालायला लागला.

समिती रविवारी बसली, पेंटरभाऊंनाही बोलावलं होतं. सचिव निवृत्त हेडमास्तर होते, फार नीट बोलायचे. त्यांनी अर्ज वाचून दाखवला. एका सभासदाने पेंटरभाऊंना विचारलं, "बाई तिथेच होत्या ना तेव्हा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या दौतीकडे पाहत होते.

"डबा मीच उघडा ठेवला," ते म्हणाले. "गलती माझी हाये."

मंडळाने आठ दिवसांत सामान हलवावं, असं ठरलं.

लाकूड कापायच्या आरामशीनच्या मालकाने त्यांना शेड दिली. मशीन बंद झाली की तिथे तालीम व्हायला लागली. मी ऐकत होते सगळं. गावात असं कानावर येतंच.

आता हॉल माझा होता. मी रोज त्याची मांडणी बदलायचे. आज फळा इकडे, उद्या तिकडे. पोरं मात्र दुपार झाली की त्या टोकाला जाऊन बसायची. तिथे फरशीवर हिरव्या रंगाचे थेंब वाळले होते, ते नखाने खरवडत. घरी मी जेवताना उठायचे, पाणी प्यायचे, दारात जायचे, परत यायचे. आई म्हणायची, "काऊन फिरून राह्यली वं घरभर? बस ना एका जागी." मी बसायचे आणि परत उठायचे.

दोन-तीन आठवडे असेच गेले. एका दुपारी त्या पोरीची आई लवकर आली. पोरीचे केस नीट करता करता खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, त्या पेंटरले काऊन काढलं?"

"तुझी पोरगी त्यांचा रंग प्याली म्हणून."

"पोरगी तं म्हनते, बाई बाहीर गेल्ती."

मी खाली पडलेला खडू उचलला.

ती वर न पाहता बोलत राहिली. "मी कोनाले सांगतलं नाई. तुमी हिचं नाव काढून टाकलं तं मी हिले कुठी ठेवू? डेपोवर नेता येत नाई. मुकादम येऊच देत नाई." मग पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि गेली.

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती मला घाबरत होती. माझ्यासारखीला. मी उसळ येईल का, सतरंज्या राहतील का म्हणून दिवसभर तळमळायचे, आणि ही बाई रोज मीच काय करते या धास्तीत पोरगी सोडून जात होती.

त्याच संध्याकाळी मी पेंटरभाऊंच्या घरी गेले. गल्लीत पुढे दुकान, मागे घर. ते एका पाटीवर अक्षरं आखत होते. त्यांच्या बायकोने मला बसायला मोडा दिला, चहा ठेवला. मी चहा येईपर्यंत थांबले नाही. म्हटलं, "भाऊ, मी त्या दिवशी नव्हते तिथे."

"मले नाई का माहीत?" ते म्हणाले. "मीच होतो ना तिथं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तुमाले काढलं असतं. तीस पोरं कुठी जातीन? आमी का, नाटकवाले. कुठीबी नाचू." त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि या वेळी झाकण आठवणीने लावलं. मग एकदम आवाज चढला. "पन गुस्सा आला मले, खोटं नाई सांगत. पोरगी कडेवर होती माझ्या, निळी. आन् तुमी म्हनता, डबा उघडा. बराबर हाये, होता उघडा. पन तुमी असं म्हनायले नोको होतं बाई. आता तिकडं आरामशीनचा भुसा उडते, ओल्या रंगाले चिकटते. अर्धं जंगल खराब झालं."

चहा आला. मी तो कसाबसा संपवला. त्यांनी "जाऊ द्या" म्हटलं नाही, आणि मी वाट पाहत होते की ते म्हणतील.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा अर्ज घेऊन सचिवांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, पहिला कागद फायलीत लागला. निर्णय झाला. आता हे कशाला?"

"हाही लावा, सर."

"तुमची नेमणूक व्हायची आहे ना? असलं काही लेखी कशाला देता?"

"लावा, सर," मी म्हटलं. आणि तिथून हलले नाही.

समिती परत बसली आणि मला उभं राहून सगळं सांगावं लागलं. पोस्टाची पायरी, रिक्षा, सगळं. मग एक जण म्हणाला, पोरं हिच्या भरवशावर ठेवायची कशी? त्याचं चूक नव्हतं. डॉक्टर म्हणाले की पोरगी ठणठणीत आहे, बाईंनी आपण होऊन सांगितलं, पण यापुढे मुलांपाशी एकाच बाईवर काम सोडायचं नाही. सचिव माझ्याकडे न पाहता लिहीत होते. ठरलं ते असं: मंडळाने हॉलमध्ये परत यावं, रंग कुलपाच्या कपाटात राहावेत, आणि मी मेपर्यंत काम पाहावं. त्यानंतर दुसरी बाई.

आयांना मी स्वतःच सांगितलं, दारात उभं राहून, चार वाजता. दोघींनी पोरं काढून नेली. एकीने आठवड्याने परत आणली. दुसरीने नाही आणली. कपाट मंडपवाल्याने दिलं, जुनं लोखंडी, दार जरा वाकलेलं. विहारातल्या बायांनी आपसात ठरवलं आणि दुपारच्या वेळी रोज दोघी-दोघी येऊन बसायला लागल्या. शिवण घेऊन यायच्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं. त्यांनी मला काही विचारलंही नाही, फक्त मी दाराकडे गेले की त्यांची मान वर व्हायची.

नेमणुकीचं पत्रही आलं, कुरखेडा तालुक्यातल्या एका गावचं, जूनपासूनचं. मी ते घडी करून पिशवीत ठेवलं. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते हातात आलं तर धड आनंदही होईना.

आरमोरीकडे जाण्याआधी मंडळाने रंगीत तालीम ठेवली, रविवारी दुपारी, म्हणजे कामावरच्या बायांनाही येता येईल. आया नव्या लुगड्यांत आल्या, पोरं पुढे बसली. जंगलाचा पडदा उलगडला तेव्हा एका कोपऱ्यात चिकटलेला भुसा दिसत होता. पेंटरभाऊंनी त्यावर तपकिरी रंग मारून त्याचं झाडाचं खोड केलं होतं.

त्या पोरीच्या आईने बसल्या जागेवरून मोठ्याने म्हटलं, "हे कायचं झाड होय?"

"मोहाचं!" पेंटरभाऊ आतून ओरडले.

"मोहाची पानं अशी नाई राहत!"

सगळे हसले. पोस्टमन राजा झाला होता, तोही आपलं वाक्य विसरून हसायला लागला. पेंटरभाऊ बाहेर आले, हातात ब्रश. "मंग कशी राहतेत? ये, दाखव." ती उठली नाही, पदर तोंडाला लावून बसली. पण नंतर कळलं की सोमवारी डेपोवरून आल्यावर, मी घरी गेले तरी ती हॉलमध्ये थांबली आणि तिने पडद्यावर दोन पानं रंगवून दाखवली. एक बरं आलं म्हणे.

मी दाराशी उभी होते. मधेच पोरांची डोकी मोजायचे, रंगांच्या कपाटाचं कुलूप नीट लागलं आहे का पाहायचे, दोन मिनिटं सतरंजीच्या कडेला टेकायचे आणि परत उठायचे. विहारातली एक बाई शेवटी म्हणाली, "बसा ना बाई, आमी हावो ना." मी बसले. समोर राजा काहीतरी मोठ्याने बोलत होता. ते नाटक कशावर होतं, हे मला आजही धड सांगता येणार नाही.