पेनीसाठी निघालेली शाळेची बस

आर्डिथ स्टॅम्पर आमच्या खोऱ्यात शाळेची बस चालवते. आवाज असा, की शेवटच्या बाकावरच्या पोरानं खिडकीबाहेर हात काढायचं नुसतं मनात आणलं, की ही पुढून ओरडलीच, "घे आत, नाहीतर तुझ्या आईला सांगते!" नवरा वारला, लेक लग्न होऊन ओहायोला गेली. घरात राहिले ते ड्यूक नावाचा ढिम्म कुत्रा आणि पेनी नावाची तांबूस मांजर. पेनीला नवऱ्यानं आणलेलं, कोटाच्या खिशात घालून. म्हणून तिच्यावर आर्डिथचा फार जीव.

आता आमच्या डोंगरात ऊन तापलं की गोचिडांचा नुसता सुळसुळाट. कुत्र्याच्या कानामागं द्राक्षासारखे लटकलेले असतात. गोचिडांवर आणि पिसवांवर एकच औषधाची नळी मिळते, मानेवर सोडायची. आणि इथल्या बायकांना काही म्हणता काही टाकवत नाही. पावाची पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालतात, मग औषध कसं फेकतील? मोठ्या कुत्र्याची नळी आणायची, कुत्र्याला लावायची, तळाशी राहिलेलं मांजरीच्या मानेवर पिळायचं. घरोघर हेच.

पेनी घरातच असायची, तिला औषध कधी लागलंच नव्हतं. पण त्या वर्षी ड्यूकच्या अंगावरच्या पिसवा तिच्या अंगावर आल्या. बिचारी खाजवून खाजवून हैराण. शुक्रवारी संध्याकाळी आर्डिथनं ड्यूकला औषध लावलं आणि उरलेलं पेनीला. "घे बाई, तुलाही वाटा," म्हणाली.

सकाळी बघते तर पेनी चुलीमागं कोपऱ्यात. कान फडफड हलतायत, तोंडातनं लाळ, अंगाला असा कंप की मिश्यासुद्धा थरथरतायत. आर्डिथ फोनकडं धावली. तिनं डोंगरापलीकडच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, लीटा कॉर्डलना, फोन लावला.

"काय लावलंस तिला?" डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं.

"काही नाही गं, ड्यूकचंच जरासं. पिसवांचं."

"अगं, विष आहे ते मांजरीला! कुत्र्याला पचतं, हिला नाही पचत. भांड्याचा साबण आहे ना? कोमट पाण्यानं मान धू. कढत नको, गार नको. टॉवेलात गुंडाळ, ऊब दे, आणि निघ. आत्ता!"

आर्डिथनं धुतलं, पुसलं, गुंडाळलं आणि धावत अंगणात आली. तर तिच्या पिकअप गाडीचं इंजिन खोलून, गवतावर मांडून शेजारचा डेलबर्ट मध्ये बसलेला.

"डेलबर्ट, जोड ते!"

"आत्ता? उद्यापर्यंत होईल की."

आर्डिथनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. अंगणाच्या कडेला उभी पिवळीधमक बस.

"आर्डिथ, नाही हं," डेलबर्ट म्हणाला. "नोकरी जाईल तुझी."

"नोकरी दुसरी मिळेल. हात पूस ते काळे, आणि चढ. मांजर कोण धरणार, तुझा आजा?"

निघाली बस. शनिवारी शाळेची बस बघून खोऱ्यातली पोरं दचकली. एक तर अर्ध्या चड्डीवर दप्तर घेऊन पळत आलं. "आज नाही रे बाळा!" आर्डिथ ओरडली आणि गेली पुढं. वळणावर बस झुकली की डेलबर्ट मांजरीला छातीशी धरायचा. तिची थरथर बघत होता. मग म्हणाला, "आर्डिथ, आमची कोठारातली करडी मांजर गेल्या साली अशीच थरथरून मेली. मी म्हटलं, साप चावला."

"नळी पिळली होतीस?"

"हो."

 आर्डिथनं पाय आणखी दाबला.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या. इंजेक्शन दिलं, नळ्या लावल्या. "दोन दिवस राहू दे. धुऊन आणलंस म्हणून आशा आहे. सांगता नाही येत," म्हणाल्या. आर्डिथनं पेनीच्या कपाळावर ओठ टेकले आणि रिकामी बस घेऊन घरी आली. रविवारभर फोनजवळून हलली नाही.

सोमवारी सकाळी शाळेच्या बसगाड्यांचे साहेब होबार्ट अंगणात कमरेवर हात ठेवून उभे. "बाई, शनिवारी बस कुठं गेली होती?"

"दवाखान्यात."

"प्रवासी किती?"

"एक. बाकावर उभी राहिली नाही, शिव्या दिल्या नाहीत, खाली च्युइंगगम चिकटवलं नाही. असं पोर एक तरी दाखवा मला."

साहेबांना हसू आवरेना. "मांजर कशी आहे ते सांग आधी," म्हणाले. "पेट्रोल तेवढं भरून टाक."

आणि तेवढ्यात दवाखान्यातनं फोन आला. पेनीनं सकाळी वाटीभर मासा खाल्ला होता, वर नर्सच्या हाताला नखंही मारली होती!

दुपारी शाळा सुटायच्या आधी आर्डिथ तिला घेऊन आली. पुढच्या बाकावर टोपली, टोपलीत राणीसाहेब. पोरं चढली आणि अशी चिडीचूप, की आर्डिथलाच चैन पडेना. "अरे बोला की काहीतरी!" म्हणाली. मग काय, एकच कल्ला.

प्रत्येक थांब्यावर दार उघडायचं, खाली आया उभ्या. आर्डिथ वरून ओरडायची, "कुत्र्याची नळी कुत्र्यालाच! खोक्यावर मांजरीच्या चित्रावर फुली असते, बघत जा! मांजरीला तिचं वेगळं, डॉक्टरला विचारून! आणि ओलं असेपर्यंत कुत्र्याला मांजरीजवळ झोपवू नका!"

एकीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, आमची पांढरी! आम्ही सापच म्हणालो होतो."

पुढच्या थांब्यावर आणखी एकीचं तेच. त्या दिवशी आमच्या खोऱ्यात कितीतरी साप निर्दोष सुटले.

शेवटचा थांबा आर्डिथचं घर. डेलबर्ट फाटकात उभा, पिकअप जोडून तयार. पेनीनं खिडकीतनं तोंड काढलं. आर्डिथनं भोंगा दाबला तो सोडलाच नाही, अख्ख्या डोंगरानं ऐकला. आणि ड्यूक, तो ढिम्म ड्यूक, आयुष्यात पहिल्यांदा, अंगणात शिरणाऱ्या बसच्या मागं धावला.