अंबूताईंनी दिलेला रविवारचा गृहपाठ

अंबूताईंनी हुबळीच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. सहारा वाळवंट, नाईलचा त्रिभुज प्रदेश, जपानचे ज्वालामुखी, सगळं बाईंच्या छडीच्या टोकावर. स्वतः बाईंचा प्रवास मात्र माहेर बेळगाव ते सासर हुबळी एवढाच. एकदा कोल्हापूरला जाऊन आल्या, तेही नवस फेडायला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

याला कारण दत्तात्रेय अप्पा, म्हणजे बाईंचे यजमान. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, दरवर्षी फुकटचे पास, आणि पास जन्माला यायचे ते कपाटात मरण्यासाठी. मे महिन्यात बाईंनी विचारलं तर "ऊन फार." दिवाळीत विचारलं तर "गर्दी फार." फारच टोचलं तर म्हणायचे, "अहो, जन्मभर डबे दुरुस्त केले. आता डब्यात बसून हिंडायचं म्हणजे हलवायानं सुट्टीच्या दिवशी जिलेबी खाण्यातली गत."

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं निरोपाला पृथ्वीचा गोल दिला. तो नवनगरच्या घरात टीव्हीवर ठेवला होता. बाई रोज तो पुसायच्या आणि पुसता पुसता एकदा फिरवायच्या. एवढाच प्रवास.

अठ्ठ्याण्णव साली त्यांचा जुना विद्यार्थी महादेव याचं केबल कमरीपेठेत जोरात होतं. पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्याचं ऑफिस. गिरणी सुरू झाली की पडद्यावरचा नायकसुद्धा थरथर कापायचा. दिवसभर कन्नड सिनेमे आणि साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती; रविवारी सकाळी अकराला अर्धा तास मराठी लावायचा त्याचा विचार आहे, हे कानावर येताच बाई छत्री घेऊन माडी चढल्या.

"महादेव, प्रवासाची मालिका करायची. मी बोलणार. नाव 'चला, शाळा सुटली'."

महादेव उभा राहिला. आठवीच्या परीक्षेत यानं हुबळी बंगालच्या उपसागरात दाखवली होती. त्या दिवसापासून बाईंसमोर त्याला बसता येत नसे.

"बाई, तुम्हाला नाही म्हणायला जीभ धजत नाही. पण एक अट. पहिल्या भागाला निदान दहा फोन यायला पाहिजेत. नाही आले तर पुढच्या रविवारपासून कुस्त्या."

"कुस्त्यांना किती येतात?"

"चाळीस येतात, बाई. आणि शिव्या देणारे वेगळे."

घरी अप्पांनी अट ऐकली आणि वर्तमानपत्राआडून म्हणाले, "दहा? आपल्या घरी वर्षाला दहा फोन येत नाहीत. त्यातले चार राँग नंबर."

बाईंनी फडकं घेतलं. गोल पुसला. या वयात एक दार उघडलं होतं, आणि ते पुन्हा लागलं तर आपण पुन्हा टीव्हीवरच्या गोलाभोवती फिरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिला भाग लक्कुंडीचा, गदगजवळच्या जुन्या देवळांच्या गावाचा. कॅमेऱ्याला हणमंत, लग्नाचे व्हिडिओ काढण्यात अख्ख्या धारवाड जिल्ह्यात नाव काढलेला. गडी गुणी, पण देवळाकडेही तो नवरीसारखा बघायचा. आधी पायापासून डोक्यापर्यंत हळूहळू, मग दागिन्यांवर जवळून, मग बाजूला उभ्या असलेल्या पुजाऱ्याला, "स्वामी, थोडं सरकून घ्या, तुम्ही मुलीकडचे ना?" कोरीव खांबांवरून तो असा फिरला की खांब लाजतील असं वाटलं.

"बाई, पदर सावरा. आता मागं वळून बघा. जरा हसा की री!"

"हणमंता, मी पुष्करणीबद्दल सांगते आहे. पुष्करणीबद्दल हसून कसं सांगू?"

"हौद्री, खरं आहे, पण क्यासेट बघताना लोक म्हणतील, बाईंना सासर पसंत नाही."

पायऱ्यांच्या त्या जुन्या विहिरीशी आल्यावर मात्र बाई कॅमेरा विसरल्या. छत्रीची छडी झाली. पुस्तकातून शिकवलेलं पहिल्यांदाच डोळ्यांपुढं उभं होतं, आणि त्या एकेका पायरीवर उतरत बोलत राहिल्या. पाणी कुठून झिरपतं, दगड कसा बसवला, जुन्या माणसांनी पाण्याचा विचार किती केला. हणमंतानं पहिल्यांदाच 'हसा' म्हटलं नाही. पण चौतीस वर्षांची सवय जाते कुठं? शेवटी बाई सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या:

"आता गृहपाठ. आपल्या घराजवळची एक जुनी विहीर शोधा. नाव काय, कोणी बांधली, आज तिचं काय झालं? दहा ओळी, नकाशासह. फोन करून उत्तरं सांगायची नाहीत. वहीत लिहून आणायचं. मागच्या बाकांवर ऐकू आलं ना?"

महादेवच्या अटीचा तिथं कुणालाच विसर पडला होता, बाईंना तर सगळ्यात आधी.

रविवारी अकराला मालिका लागली. खांब गुलाबाच्या पाकळ्यांतून प्रकट होत होते, पुष्करणी बदामाच्या आकारातून उगवली. हणमंताच्या कॉम्प्युटरात दुसरं काही नव्हतंच. बाई माडीवर फोनसमोर बसल्या होत्या. साडेअकरा झाले. पावणेबारा. फोन एकदाच वाजला. महादेवनं झडप घातली.

"हलो! हां... हां री... बरोबर करतो." ठेवून म्हणाला, "देशपांडे नगरातून. चित्र दिसत नाही म्हणे."

"तो धरायचा का?" हणमंतानं विचारलं.

महादेव खिडकीतून गल्लीकडे बघत म्हणाला, "बाई, आज नळाला पाणी आलंय. सहाव्या दिवशी. घागरी भरायच्या सोडून कोण टीव्ही बघणार?" त्याचा आवाज इतका प्रेमळ होता की बाईंना सगळं कळलं. त्या छत्री घेऊन उतरल्या. घरी अप्पांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. चहा स्वतः केला. अप्पांचा चहा म्हणजे शोकसंदेशच.

मंगळवारी दुपारी महादेवचा फोन. "बाई, ताबडतोब या." एवढंच.

कुस्त्यांचं सांगायला एवढी घाई कशाला, असं मनाशी म्हणत बाई बसनं कमरीपेठेत उतरल्या. गिरणीपुढं रांग होती. दळणाची असेल म्हणून त्या बाजूनं जायला लागल्या, तर रांगेत एकाच्याही हातात डबा नव्हता. वह्या होत्या.

"बाई आल्या!" कुणीतरी ओरडलं, आणि अख्खी रांग एकदम सरळ झाली.

सगळ्यात पुढं काळा कोट. वकील श्रीहर्ष, बाईंचाच जुना विद्यार्थी, वय पंचेचाळीस, टक्कल. "बाई, काल कोर्टात तारीख होती, म्हणून एक दिवस उशीर."

"सबब सांगू नकोस. वही दाखव."

मागं फुलवाल्या दुर्गव्वा. लिहिता येत नाही, म्हणून नातीकडून कन्नडमध्ये लिहून आणलेलं. "चालतं काय री बाई? विहीर तर तीच आहे." बाई म्हणाल्या, "पाण्याला कुठली भाषा, अक्का? आणा इकडं."

महादेवनं कपाळ बडवून घेतलं. "सकाळपासून एकशे तीस, बाई! कालच्या वेगळ्या! मी प्रत्येकाला विचारतोय, अरे, फोन का नाही केलात? तर म्हणतात, बाईंनी करू नका म्हणून सांगितलंय. तुम्हीच माझी लाईन बंद केलीत!"

बाईंनी पिशवीतून लाल पेन काढलं. निवृत्तीनंतरची चार वर्षं ते पिशवीत का होतं, हे विचारण्याची कुणाची हिंमत नव्हती. बुजलेल्या विहिरी, दुकानाखाली गेलेल्या विहिरी, अजून घागर बुडते अशा विहिरी. पाण्यासाठी सहा दिवस वाट बघणाऱ्या गावानं आपल्या पायाखालचं पाणी वह्यांत उतरवून आणलं होतं. हणमंत रांगेवर कॅमेरा फिरवत होता, पायापासून डोक्यापर्यंत.

"आणि हे..." महादेवनं मागं लपवलेली वही पुढं केली. "या गिरणीच्या खालीच आहे बाई एक."

बाईंनी नकाशा निरखला. "उत्तर दिशा दाखवली नाहीस. आठवीतही नव्हतीस दाखवली." मग खाली सही केली. "कुस्त्यांचं काय?"

"कुस्त्या सोमवारी, बाई!"

संध्याकाळी घरी आल्या तर टीव्हीवर गोलाखाली एक कागद होता. रेल्वे कॉलनीतल्या विहिरीच्या दहा ओळी, वर्कशॉपच्या पट्टीनं आखलेला नकाशा, त्यावर उत्तर दिशा ठसठशीत. कागदाला टाचणीनं रेल्वेचा पास लावलेला. दोघांचा. बदामीपर्यंत, गदगला गाडी बदलून.

अप्पा वर्तमानपत्राआड होते. पण ते उलटं धरलेलं होतं.

बाईंनी लाल पेन उघडलं आणि कोपऱ्यात शेरा मारला: "तीस वर्षं उशीर. दंड म्हणून छत्री आणि डबा यांनी उचलायचा."

"खिडकीची जागा माझी," वर्तमानपत्र म्हणालं.

"माझी," बाई म्हणाल्या, आणि बॅग शोधायला गेल्या. घरात बॅग नव्हतीच.