सहीची जागा

फोन उचलला तर शैलाचा मुलगा. "मौसी, आई नहीं रही…" मराठी त्याला कळतं, पण तोंडात हिंदीच येतं. शैला माझी चुलत बहीण, वर्षाने मोठी, एकाच फॅक्टरीच्या ऑफिसात आम्ही बावीस वर्षं काढली. दुपारी तिच्या घरी गेले, तर अंगणात जवळच्या गोहलपूर वस्तीतल्या पोरी हुंदके देऊन रडत होत्या, "दीदी, दीदी" करत. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते हे की माझ्या मागे इतकं कोण रडणार?

हा हेवा जुना आहे. आम्ही दोघी कोपऱ्यावरून शेअर ऑटोने कामावर जायचो. शैला टायफॉइडने दोन महिने घरी होती, तेव्हा त्या कोपऱ्यावर मोटरसायकलवर बसलेला एक माणूस माझ्या मागे लागला. रोज घाणेरडं बोलायचा, गेटपर्यंत ऑटोच्या मागे यायचा. मी पदर घट्ट धरून मान खाली घालून जायची. शैला परत आली आणि पहिल्याच दिवशी तिने ते ऐकलं. पर्समधून पेन काढलं, तळहातावर गाडीचा नंबर लिहिला आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "भैया, याला जेल होते, माहीत आहे ना?" मराठीतच! तो हसला.

संध्याकाळी ती कागद घेऊन माझ्याकडे आली. "कुमुद, वाच आणि सही कर. पाठलाग केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे."

"काहून उगाच? पोरीचं लग्न व्हायचं आहे माझ्या. तूच कर काय ते," म्हणत मी कागद न वाचताच परत केला. मग तिने स्वतः ऐकलं-पाहिलं त्यावर स्वतःच्याच नावाने तक्रार दिली.

मग कोर्टाच्या तारखा. मी फक्त साक्षीदार. आम्हा जबलपूरच्या मराठी लोकांची एक खोड आहे, चारचौघांत काही लपवायचं असलं की आम्ही मराठीत शिरतो. दुकानात भाव पाडायचा असो की पाहुण्यांसमोर साखर संपलेली असो. त्या दिवशी व्हरांड्यात मी बिनधास्त म्हणाले, "शैला, तू गाडीचा नंबर लिहिला ती तारीख कोणती होती गं? मला तर काहीच आठवून नाही राहिलं. तू सांगशील तेच मी सांगते." शेजारी त्या मोटरसायकलवाल्याचा वकील उभा होता. आत गेल्यावर त्याने माझं वाक्य जसंच्या तसं कोर्टाला ऐकवलं आणि वर म्हणाला, "मेरी माँ अमरावती की हैं, जी." मेलीच मी! माझी साक्ष तिथेच संपली.

शैला मात्र दीड तास उभी राहून उत्तरं देत होती, एकदाही अडखळली नाही. त्याला वर्षाची कैद झाली, दंडही झाला. मग काय, जिकडे तिकडे शैला! पोरी तिला विचारायला यायच्या की तक्रार कशी लिहायची, ठाण्यात काय बोलायचं. माझी स्वतःची लेक म्हणाली, "मावशीसारखं व्हायचंय मला." अगं, त्रास कोणाला झाला होता? दोन महिने कोणी सोसलं? माझं दुखणं आणि तिचा मान, असं मी वर्षानुवर्षं मनात घोळवत राहिले. ती तिळगूळ घेऊन यायची तेव्हासुद्धा मी तोंडदेखलंच हसायची…

तेराव्यानंतर तिच्या मुलाने एक फाईल माझ्या हातात दिली. "आई ने कहा था, आपको देना है." वरच निकालाची प्रत होती. तिच्याखाली एक घडी घातलेला कागद, शैलाच्या मराठी अक्षरातला. ठाण्यासाठी हिंदीत करण्याआधीचा तो मसुदा. 'मी, कुमुद, गेले दोन महिने रोज हे सहन करते आहे आणि आता करणार नाही.' शेवटी 'तक्रारदार' म्हणून माझं नाव, आणि पुढे सहीची जागा रिकामी.

तो कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. दोनदा पेन घेऊन बसले. हेवा अजून गेलेला नाही, फक्त आता जिचा करायचा ती नाही… आणि सहीची जागा मीच सोडली होती.