चित्रावरची ओळ

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. माझी मराठी घरात ऐकलेली, शाळा सगळी हिंदीत झाली. त्यात स्वतःबद्दल लिहायचं म्हणजे फारच संकोच वाटतो. तरी हे एकदा नीट सांगावंसं वाटलं.

मी जन्मापासून आंधळा आहे. वडील फौजेतून निवृत्त होऊन आता विश्वकर्मा नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करतात. आम्ही इकडे हिंदी मुलखात, शहरातल्या झोटवाडा भागात राहतो आणि कॉलेजला मी बसनं एकटा जातो.

अंध मुलांच्या एका फोन-ग्रुपवर बार्शीकडच्या एका मुलीशी ओळख झाली. तीही माझ्यासारखीच. बारावीला चांगले मार्क पडलेले, पण वडील कॉलेजचा फॉर्म भरू देत नव्हते.

"दादा, मी कितीही सांगितलं तरी बाबांना पटत नाही," ती म्हणाली. "त्यांना डोळ्यांनी बघता येईल असं काहीतरी पाठवा ना."

फॉर्मची मुदत संपायला महिना होता.

माझ्या वर्गातला एक मित्र व्हिडिओ बनवून नेटवर टाकतो. परीक्षेआधी तोच मला नोट्स वाचून दाखवायचा, आमच्याकडे जेवलेलाही होता. तो एक दिवस माझ्याबरोबर फिरला. बसमध्ये चढताना मी काठी कशी धरतो, वर्गात मोबाईलवर कसं लिहून घेतो, आईनं डब्याच्या कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय ते मला न विचारता कसं कळतं, सगळं त्यानं कॅमेऱ्यात घेतलं. स्टॉपवर माझा इयरफोन पडला, तो मी खाली बसून चाचपत शोधला.

"ये भी ले लूं?"

"ले ले," मी हसून म्हटलं. वस्तू सगळ्यांच्याच हातून पडतात.

व्हिडिओ आला तेव्हा मी तो तीनदा ऐकला. माझं बोलणं होतं, बसची घरघर होती, मागे बासरी. डब्याचा भाग नव्हता. लांबला म्हणून कापला असेल, असं मी धरलं. लगेच त्या मुलीला पाठवला, मग आईला दाखवला.

"कसा झालाय?"

"आवाज छान आलाय तुझा," ती म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

पुढे बसमध्ये लोक मला ओळखू लागले. खोटं का सांगू, मला आवडलं. एका बाईंनी हातात दोन केळी ठेवली. मग एकदा कंडक्टरनं पाठीवर हात ठेवून विचारलं, "भैया, तेरा खाना कौन बनाता है?"

"मम्मी."

"पर वीडियो पे तो लिखा है, मां-बाप ने छोड़ दिया."

मोबाईल मला बहुतेक सगळं वाचून दाखवतो, पण व्हिडिओच्या चित्रावर चिकटवलेली अक्षरं तो वाचत नाही. कंडक्टरनंच सांगितलं, मी जमिनीवर इयरफोन चाचपतोय आणि वर ती ओळ. वर्गात सगळ्यांनी ती वाचली होती. एकानंही मला सांगितलं नव्हतं.

घरी येऊन आईला विचारलं, "तू वाचलं होतंस?"

"हो."

"मग?"

"किती खूश होतास तू. काय सांगणार होते?" मग म्हणाली, "याच घरात त्याला जेवायला वाढलंय रे मी. आणि हे बघ, तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस."

बाबांचा फोन बटणांचा आहे. त्यांना अजून माहीत नाही.

मित्राला विचारलं तर म्हणाला, "भाई, सीधा-सादा कौन देखता है? और तुझे बुरा लगेगा, इसीलिए तो नहीं बताया." त्यानं व्हिडिओ काढून टाकला. तोवर लोकांनी तो कुठे कुठे पाठवला होता. त्याचा राग येतो आणि तो राग मला समजतो. आईच्या गप्प बसण्याचं काय करायचं, ते मात्र अजून कळत नाही. परीक्षा आली की नोट्स वाचायला तिलाच बसवतो, आणि ती एखादी ओळ गाळत तर नाही ना, असं मनात येतं.

त्या मुलीला मी लगेच मेसेज केला की ते खोटं आहे, माझे आईवडील आहेत, तुझ्या बाबांना माझ्या आईशी बोलू दे. उत्तर नाही. फोन लागेना. दहा दिवसांनी तिचा आवाज आला.

"दादा, फोन बाबांकडे होता, तुमचा मेसेज आज ऐकला. फॉर्मची तारीख परवा गेली. बाबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. डोळे पुसले. म्हणाले, ज्याला कुणी नाही त्याला असं एकट्यानं फिरावं लागतं, पोरी. तुला आम्ही आहोत ना."