इथं घोळ हाय

कानावरचा खडू काढून गुरुजी त्यानेच डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "थांबा, इथं घोळ हाय." त्यांच्या केसांत पिकलेले किती आणि खडूने माखलेले किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. असे एखादे गुरुजी तुम्हीही पाहिले असतील.

महाडमध्ये माझा कॉम्प्युटर क्लास नुकता सुरू झाला होता. कुडपणच्या वाटेवरच्या लहानशा शाळेतले हे गुरुजी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने खाली उतरायचे आणि माझ्यासमोर वही उघडायचे. वहीत त्यांनी पोरांसाठी रचलेला भातलावणीचा खेळ होता. शाळेच्या ओटीवर खडूने शेतं आखायची, चिंचोके टाकायचे, दान पडेल तेवढी रोपं लावायची. पण आपल्या शेतात नाही, शेजाऱ्याच्या! मग शेजारी आपल्याकडे येणार. त्यांच्या डोंगरावर लावणी अशीच होते.

तालुक्याच्या शैक्षणिक साधनांच्या प्रदर्शनात पहिल्या येणाऱ्या शाळेला कॉम्प्युटर मिळणार होता. "माझ्या पोरांनी ते खोकं अजून बघितलंसुद्धा नाय," गुरुजी म्हणाले. पण अर्जात 'विषय' असा एकच रकाना होता.

"शेताचं माप आलं म्हंजे गणित. उतार आला म्हंजे भूगोल. रोप आलं म्हंजे विज्ञान. आणि मधेच गाणी म्हणतात, ती कुठं घालू?"

"गणित लिहा आणि मोकळे व्हा," मी वैतागून म्हणालो.

"आणि भांडतात, मग आपली आपण मिटवतात, ते?"

शेवटी गणित मीच लिहिलं. खेळ कॉम्प्युटरवर चढवायचं कामही मीच अंगावर घेतलं. आता कॉम्प्युटरला शेजारी कुठून आणायचा? माझी अक्कल तिथे थांबली. ज्याची लावणी आधी उरकेल तो जिंकला, असं मी ठोकून दिलं.

प्रदर्शनात त्यांची चौथीतली एक मुलगी खेळायला बसली. पडद्यावर 'तुम्ही जिंकलात!' झळकलं, परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी मात्र गुरुजींकडे वळली. "गुरुजी, बाकीच्यांची लावणी कोण करनार?"

गुरुजींचा हात कानावरच्या खडूकडे गेला. पण खडू त्यांनी काढला नाही.

नंबर पहिला आला. खोकं डोंगरावर गेलं. गुरुजी हसत होते आणि मधूनच वही उघडून बघत होते. त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, मला उमगेना. त्यांनाही उमगलं नसावं.

पुढे दर शनिवारी एकच मागणं. "सर, तेवढा शेजारी घाला ना आत."

"दिवाळीनंतर बघू," मी म्हणायचो. तशा दोन दिवाळ्या गेल्या.

मग एका शनिवारी ते आले नाहीत. शाळेतच छातीत कळ आली आणि गेले, असं त्या एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. मी त्याच आठवड्यात कामाला बसलो. शेजारी आत घालायला मला चार दिवस पुरले. फक्त चार. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

एक मात्र अडलं. 'तुम्ही जिंकलात' काढलं, पण त्या जागी लिहायचं काय? हा खेळ संपतो कसा, हे मी गुरुजींना कधी विचारलंच नव्हतं. ती मुलगी आता पोलादपूरला मावशीकडे राहून सातवीत शिकत होती. तिला जाऊन विचारलं, "तुमचा तो खेळ संपायचा कसा गो?"

ती हसली. "संपायचा कुठं, सर? घंटा व्हायची. मग गुरुजी विचारायचे, कोणाचं ऱ्हायलंय? ज्याचं ऱ्हायलंय, त्याच्या शेतात दुसऱ्या दिवशी सगळे आधी जायचे."

मी तेवढंच लिहिलं आणि डोंगरावर जाऊन खेळ शाळेच्या कॉम्प्युटरवर घातला. पोरं भोवती जमली, खेळली. खेळातली घंटा झाली तेव्हा पडद्यावर अक्षरं आली, 'कोणाचं राहिलंय?'

पोरं एकमेकांची नावं ओरडून सांगू लागली. माझ्या ओठांवर एकच नाव होतं, गुरुजींचं, पण ते सांगायचं कुणाला?